भाचीसाठी चर्च बघताना

नव्या गावात आलेल्या माणसाला डॉक्टर, न्हावी आणि चर्च या गोष्टी दुसऱ्याने शोधून देऊ नयेत, असं माझं आता ठाम मत झालं आहे. न्हावी चुकला तर केस पुन्हा उगवतात. डॉक्टर चुकला तर तक्रार करायला बहुधा कुणी उरत नाही. पण चर्च चुकलं तर शोधून देणाऱ्याला दर रविवारी त्याचा जाब द्यावा लागतो. हे मला आधी कळलं असतं, तर ग्लेनिसचा फोन आला तेव्हा मी "हात्तिच्या, एवढंच ना" असं म्हणालो नसतो.

ग्लेनिस ही माझी धाकटी बहीण. चार्लविलला असते. ऑस्ट्रेलियातल्या आमच्या टूवूम्बाहून सकाळी निघून पश्चिमेला नाकासमोर गाडी हाकत राहिलं, की दुपार कलल्यावर लागतं ते गाव. तिची टॅमसिन नर्सिंग शिकायला इथे आली, युनिव्हर्सिटीच्या होस्टेलवर राहायला लागली. ग्लेनिसचं म्हणणं एवढंच होतं, की पोर घुमी आहे, आपणहून कुठे जायची नाही, तर मामाने तिला एखादं बरं चर्च बघून द्यावं.

आता बघायचं काय त्यात? मी नॉएल हार्टविग, आमच्या चर्चच्या कमिटीवर माझी उभी हयात गेली आहे. छपराची गळती, ऑर्गनची दुरुस्ती, पाळकसाहेबांची बदली, यातलं माझ्या मताशिवाय काही झालेलं नाही. भाचीसाठी स्थळ घरातच होतं. पुढच्या रविवारी मी इस्त्रीचा शर्ट घालून तिला घ्यायला गेलो.

आमच्या मंडळीने तिचं जे स्वागत केलं, त्यात नाव ठेवायला जागा नव्हती. आमच्याकडे चाळिशीच्या आतला माणूस दिसला की लोक चष्मे पुसून पुन्हा बघतात. टॅमसिन तर सतरा वर्षांची. उपासनेनंतर चहाला सगळ्यांनी तिच्याभोवती असं कोंडाळं केलं, की कृषी प्रदर्शनात बक्षीस मिळालेल्या वासराला पोरीची दया आली असती. भोपळ्याचे स्कोन, म्हणजे छोटे मऊ पाव, तिच्या बशीत एकावर एक चढले. तिने रिकामा कप धुवायला उचलला, तर तो तिच्या हातातून काढून घेतला गेला. तिने खुर्ची उचलली, ती काढून घेतली. तिने फडक्याकडे नुसतं पाहिलं, तर माझी बायको डेझली तिला दारापाशी घेऊन गेली, कारण आमच्या स्वयंपाकघरातलं ते फडकं एका बाईंच्या मालकीचं आहे आणि त्यांच्या हयातीत त्याला दुसरं कुणी हात लावलेला नाही.

गाडीत मी विचारलं, कसं वाटलं? ती म्हणाली, "छान आहे, मामा."

मावशीने विणलेला स्वेटर अंगात घालून बघताना माणूस ज्या आवाजात छान म्हणतो, तो तो आवाज होता. मी पस्तीस वर्षं शाळेत भूगोल शिकवला आहे. खोटं बोलणारं पोर मला पाठमोरं असलं तरी ओळखू येतं. त्या दिवशी जेवणात माझं लक्ष नव्हतं. डेझली म्हणाली, पोरीला आपलं चर्च नाही आवडलं तर तो तुझा अपमान नव्हे. मी म्हटलं, अपमानाचा प्रश्नच नाही. आणि उरलेला बटाटा न खाता उठलो.

पण भूगोलाचा शिक्षक असा हार मानत नाही. मी गावाचा मोठा नकाशा काढला, स्वयंपाकघराच्या भिंतीवर चिकटवला, आणि एकेका चर्चवर टाचणी टोचायला घेतली. आमच्या गावात चर्चं उदंड. काम संपलं तेव्हा नकाशाला देवी आल्यासारखं दिसत होतं.

हे आमच्या शेजाऱ्याने, केलने, कुंपणावरून खिडकीतून पाहिलं. केल जन्मभर घरं विकायच्या धंद्यात होता. लग्नं आणि मयतं सोडली तर तो चर्चची पायरी चढलेला नाही, त्यामुळे या विषयावर त्याची मतं अतिशय स्वच्छ होती. त्याचं म्हणणं, चर्च हे घरासारखं बघायचं. न कळवता जायचं, आधी छत बघायचं, मग संडास बघायचा, आणि मालक फार गोड बोलायला लागला की निघायचं. शिवाय पार्किंग. "ज्या चर्चचं पार्किंग भरलेलं असतं ना नॉएल, तिथे काहीतरी चांगलं चाललेलं असतं," तो म्हणाला. मी त्याला म्हणालो की, तुझ्या हिशेबाने बघितलं तर गावातलं सर्वांत पवित्र ठिकाण हार्डवेअरचं दुकान आहे. तो म्हणाला, रविवारी सकाळी दुकानाबाहेर सॉसेज भाजतात तेव्हा मलाही तसंच वाटतं.

तरी पार्किंगचा मुद्दा माझ्या मनात राहिला. म्हणून पुढच्या रविवारी मी टॅमसिनला गावाबाहेरच्या त्या मोठ्या चर्चमध्ये नेलं, जे पूर्वी ट्रॅक्टरचं गोदाम होतं. पार्किंग इतकं भरलं होतं की आम्हाला शेतातून चालत यावं लागलं. आत मिट्ट काळोख. समोर रंगीत दिवे, ढोल, गिटारी, आणि रंगमंचावरून पांढरा धूर सुटलेला. माझं कानातलं यंत्र पहिल्याच गाण्याला शिट्टी मारून बंद पडलं. ते एक वेळ ठीक. पण धूर माझ्या घशात गेला. मला ठसका लागला, डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं, आणि मी श्वास घ्यायला दोन्ही हात वर केले.

हात वर करायला नको होते. तत्क्षणी चांगल्या दातांचे दोन तरुण माझ्या दोन बाजूंना आले. एकाने माझ्या खांद्यावर हात ठेवला, दुसऱ्याने डोक्यावर, आणि दोघांनी माझ्यासाठी मनापासून प्रार्थना केली. मी सांगायचा प्रयत्न करत होतो की, अहो, धूर. ते म्हणत होते, "सोडून द्या, सगळं सोडून द्या." मग मला सन्मानाने बाजूच्या खोलीत नेण्यात आलं. तिथे माझ्या हातात एक नवा कोरा कॉफीचा मग आणि विश्वासाची पहिली पावलं अशा अर्थाची पुस्तिका देण्यात आली. त्या खोलीत माझ्याशिवाय एक तरुण जोडपं होतं आणि चुकून आत शिरलेला विजेचा मिस्त्री. चार दशकं कमिटीवर काढलेल्या माणसाला त्या मुलांनी येशूची ओळख करून दिली. वाईट एवढंच, की त्यांनी ती फार छान करून दिली.

टॅमसिन बाहेर पायऱ्यांवर बसली होती. आत किती लोक होते, पण कुणाचा चेहराच दिसत नव्हता, असं म्हणाली. मग माझ्या हातातला मग बघून हसली. गावात आल्यापासून मी तिला हसताना प्रथमच पाहत होतो, त्यामुळे मी ते मनावर घेतलं नाही. फार घेतलं नाही.

ही कॉफीच्या मगाची गोष्ट तिने होस्टेलवर सांगितली असावी. कारण पुढच्या वेळी ती दारात आली तेव्हा तिच्यामागे आणखी दोघं उभी होती. एक अचोल, ॲडलेडहून आलेली, मूळची दक्षिण सुदानची, उंच आणि तिखट जिभेची. दुसरा सेमिसी, सिडनीहून आलेला, मूळचा टोंगा बेटांवरचा मुलगा, दरवाजात उभा राहिला की दरवाजा दिसायचा बंद होईल असा. दोघांनाही चर्च सापडलेलं नव्हतं. अचोल म्हणाली, "काका, आम्हालाही दाखवा. कुठलं आवडलं नाही तरी सकाळ चांगली जाईल असं ऐकलंय."

मला यातल्या टोमण्यापेक्षा 'काका' जास्त ऐकू आलं. मी फुशारलो. इतका फुशारलो, की कमिटीच्या बैठकीत ठराव मांडला: गावात नव्याने आलेल्या तरुणांना चर्च शोधून देणे हा आपल्या मंडळीचा अधिकृत उपक्रम समजावा. ठराव एकमताने पास झाला. आमच्याकडे जे काम दुसरा माणूस करणार आहे, त्याचा ठराव नेहमी एकमताने पास होतो.

तिथेच घात झाला. उपक्रम अधिकृत झाला म्हटल्यावर चिटणीस बाईंनी विचारलं, यात अठरा वर्षांखालचं कुणी आहे का? भाची नात्यातली, तिचं चालेल. पण सेमिसी? सेमिसीला पाहून कुणीही तो तीन मुलांचा बाप आहे असं म्हणेल. निघाला सतरा वर्षांचा. म्हणजे चर्चच्या नावाखाली त्याला गाडीतून न्यायचं तर मला निळं कार्ड पाहिजे, ज्यावर सरकार लिहून देतं की हा माणूस लेकरांना धोकादायक नाही. मी म्हटलं, धोका झालाच तर त्याच्याकडून मला आहे. बाई म्हणाल्या, नियम म्हणजे नियम. कार्ड येईस्तोवर मोठं कुणीतरी सोबत घ्या. म्हणून त्यानंतर दर रविवारी डेझलीला मागच्या सीटवर सेमिसी आणि खिडकी यांच्या मध्ये बसून यावं लागलं. तिने मानेमागे घ्यायला उशी आणली. हे वाईट लक्षण होतं.

कार्डासाठी मी फोटो पाठवला, तो परत आला: हसू नये. दुसरा पाठवला, तो परत आला: चष्म्यावर उजेड चमकतो. तिसऱ्यात मी हसलो नाही, चष्मा काढला, आणि कॅमेरा कुठे आहे ते न दिसल्यामुळे भिंतीकडे रोखून बघत राहिलो. केलने तो पाहिला आणि म्हणाला की, या माणसाला मी तरी माझी मुलं दिली नसती.

दरम्यान आमची शोधमोहीम चालू होती. डोंगराच्या कडेला, जिथे गाव संपून खाली दरी सुरू होते, तिथे एक जुनं लाकडी चर्च होतं. नकाशावर होतं, माझ्या आठवणीतही होतं. त्या सकाळी दाट धुकं पडलं होतं. आम्ही पोचलो तेव्हा दार नुसतं लोटलेलं. आत रंगीत काचा, उंच छत, एक लांब बाक. कुणी नव्हतं. मी हलक्या आवाजात म्हणालो, लवकर आलोय, शांत बसा. सगळे बसले. सेमिसीने तर डोळे मिटून प्रार्थनाही सुरू केली. मला जागा आवडली. फक्त वेदीच्या जागी फ्रिज का आहे, हे कळत नव्हतं.

तेवढ्यात वरच्या माडीवरून एक गृहस्थ कमरेला टॉवेल गुंडाळून उतरले. त्यांनी आम्हाला पाहिलं, आम्ही त्यांना. सेमिसीची प्रार्थना चालूच होती, म्हणून ते बिचारे ती संपेपर्यंत जिन्यावर मान खाली घालून उभे राहिले. मग त्यांनी सांगितलं की चर्च विकून बरीच वर्षं झाली, हे आता त्यांचं घर आहे, आणि असं अधूनमधून होतं. मागे एक नवरी आली होती. मी माफी मागता मागता उठलो, तर त्यांची बायको खाली आली आणि म्हणाली, एवढे आलाच आहात तर बसा. तिने पाइकलेट, म्हणजे छोटी गोड घावनं, केली, वर जॅम आणि साय. टॅमसिन तिच्याबरोबर ओट्यापाशी उभी राहून ती उलटत होती. परत येताना अचोल म्हणाली, "काका, आतापर्यंतचं हेच चर्च सगळ्यांत चांगलं होतं."

त्यानंतर सेमिसीच्या लोकांची टोंगन उपासना झाली. गायन असं, की पायाखालची फळी थरथरत होती, आणि नंतर जेवण असं, की संध्याकाळी डेझलीने चूल पेटवली नाही. मला वाटलं, चला, एक तरी मार्गी लागला. पण गाडीत सेमिसी मान हलवायला लागला. त्याची अडचण वेगळी होती. तिथली प्रत्येक बाई त्याच्या आईची कोणी ना कोणी लागत होती. तो म्हणाला, मी इथे शिंकलो तर काका, सिडनीहून आईचा फोन येईल की स्वेटर घाल.

अशा टाचण्या एकेक करून निघत चालल्या. मला खरं सांगायचं तर मजा यायला लागली होती. शनिवारी नकाशासमोर उभं राहून उद्याची चढाई ठरवायची, कुठे छत चांगलं, कुठे प्रवचन लांब, यावर केलशी कुंपणावरून वाद घालायचा. केलने एकदा सुचवलं की मी याचं पुस्तक काढावं. मी काही दिवस त्याच्या मुखपृष्ठाचा विचार करत होतो.

एका शनिवारी मी असाच टाचण्या मोजत असताना डेझली मागे येऊन उभी राहिली. म्हणाली, "टॅमसिन परत जातेय."

मी विचारलं, कुठल्या चर्चला?

"चार्लविलला. सुट्टीत जाणार आणि परत येणार नाही. काल मला म्हणाली. रात्र रात्र झोपत नाही पोर. जेवतही नाही धड."

मी म्हटलं, पण मला कशी बोलली नाही? डेझलीने नकाशाकडे पाहिलं, मग माझ्याकडे. तिला जे म्हणायचं होतं ते तिने त्या दोन बघण्यांतच म्हटलं, आणि वर एवढंच सांगितलं की चार्लविलच्या चर्चमध्ये माणसं मूठभर. तिथे दर रविवारी दार उघडायचं टॅमसिनने, गीतांची पुस्तकं मांडायची तिने, चहाचं आधण ठेवायचं तिने. ती तापाने पडली की चहा व्हायचा नाही. "आणि इथे तू तिला पाहुणी म्हणून मिरवतोयस," डेझली म्हणाली. "इतके रविवार झाले. पाहुण्याला कधी ना कधी घरी जावंसं वाटतंच."

मी टॅमसिनला फोन लावला. उद्या आपण दोघंच जाऊ, म्हटलं, कुठेही, तू म्हणशील तिथे. ती शांतपणे म्हणाली, या रविवारी राहू दे मामा. शिवाय डेझलीलाही उद्या जमण्यासारखं नव्हतं. मागच्या सीटवर बसून तिची मान धरली होती. कार्ड नाही म्हणून सेमिसीला नेता येत नव्हतं. म्हणजे अधिकृत उपक्रम बंद. त्या रविवारी मी आपल्या चर्चमध्ये आपल्या जागेवर एकटा बसलो आणि प्रवचनातलं एक अक्षर मला कळलं नाही. चहाच्या वेळी माझ्या बशीत कुणीतरी स्कोन ठेवला, तो मी तसाच परत ठेवला. आमच्याकडे याची नोंद होते. दोन जणींनी मला तब्येत विचारली.

दुपारी टॅमसिनचा फोन आला. मला वाटलं, तिकीट काढल्याचं सांगायला. आवाजावरून मात्र ती धावत आली असावी असं वाटत होतं.

झालं होतं असं. सेमिसीला सकाळी पाय खायची हुक्की आली. चालायचा पाय नव्हे, बेकरीतली मांस भरलेली पाय. तिघं होस्टेलवरून बेकरीकडे चालत निघाली. वाटेत एक प्राथमिक शाळा आहे. तिच्या हॉलच्या दारात एक म्हातारी काठी टेकून रस्त्याकडे डोळे लावून उभी होती. या डल्सी मावशी. इथल्या मूळच्या आदिवासी माणसांपैकी, त्या भागातली सगळी लहानथोर माणसं त्यांना मावशीच म्हणतात. शाळेचा हॉल रविवारी त्यांच्या छोट्या मंडळीला मिळतो. स्वतःची इमारत नाही. त्या सकाळी खुर्च्या मांडायला त्यांचा भाचा आपल्या मित्रांना पाठवणार होता, ते आले नव्हते. मावशींनी ही तीन पोरं पाहिली आणि ठरवून टाकलं की हीच ती.

"ती मला काय म्हणाली माहितीये मामा?" टॅमसिन सांगत होती. "म्हणाली, ही काय यायची वेळ झाली? किती वेळ उभी आहे मी. चला, खुर्च्या काढा, आणि तू, तू आधण ठेव."

मी विचारलं, मग तू सांगितलं नाहीस, की तुमचा गैरसमज झालाय म्हणून?

"नाही," ती म्हणाली. "मी म्हटलं, सॉरी मावशी, उशीर झाला."

मी फोन कानाला धरून उभा राहिलो. पुढे तिने सांगितलं की चहा कडू झाला होता, मावशींनी तो सगळ्यांदेखत कडू म्हटला, आणि पुढच्या रविवारी लवकर ये म्हणून बजावलं. सेमिसीने गाताना असा खर्ज लावला की पुढच्या ओळीतली माणसं वळून बघत होती, आणि अचोलला मुलांच्या वर्गावर बसवलं, तर तिथे तिला तिच्याहून तिखट पोरं भेटली. भाच्याचे खरे मित्र उपासना अर्धी झाल्यावर आले. तोवर त्यांची गरज उरली नव्हती.

ती शाळा माझ्या नकाशावर होती. तिच्यावरून मी दर रविवारी गाडी नेत होतो. पण तिथे टाचणी नव्हती, कारण भूगोलाप्रमाणे ती शाळा होती.

त्या आठवड्यात माझं निळं कार्ड आलं. भिंतीकडे रोखून बघणारा फोटो मंजूर झाला होता. आता मी सेमिसीला कायदेशीररीत्या कुठेही नेऊ शकत होतो, आणि सेमिसी पायी जात होता. कमिटीत चिटणीस बाईंनी उपक्रमाचं काय झालं असं विचारलं, तेव्हा मी यशस्वी झाला म्हणून सांगितलं. तपशिलात शिरलो नाही. केलला मात्र सगळं सांगावं लागलं. त्याने फक्त विचारलं की, तिथे पार्किंग कसं आहे.

पुढच्या रविवारी, आमची उपासना सुरू व्हायच्या बरंच आधी, मी सहज म्हणून त्या शाळेवरून गेलो. सहज म्हणजे, डेझली म्हणाली की तू जाऊन ये, नाहीतर तुझं डोकं ठिकाणावर येणार नाही. हॉलचं दार उघडं होतं. मी कोट ठीकठाक केला आणि एखाद्या पाहुण्याने राहावं तसा दारात उभा राहिलो, टॅमसिनचा मामा म्हणून ओळख करून देण्याच्या तयारीत.

"अहो, खांबासारखे काय उभे राहिलात," डल्सी मावशी म्हणाल्या. "त्या टेबलाचं दुसरं टोक धरा."

पहिल्या टोकाला टॅमसिन होती. बाह्या दुमडलेल्या, केस कसेतरी बांधलेले. तिने मला पाहिलं, पण हातातलं टेबल खाली ठेवलं नाही. मी कोटासकट वाकलो.

"कमरेतून नको वाकूस मामा. गुडघे वाकव."

मी गुडघे वाकवले. आम्ही ते टेबल खिडकीखाली नेलं, मावशींनी ते तिथून दाराशी न्यायला लावलं, मग पुन्हा खिडकीखाली. माझा शर्ट पाठीला चिकटला. मला माझ्या चर्चला उशीर होत होता, कमिटीवर आल्यापासून पहिल्यांदाच. मी टॅमसिनला येतो म्हणून सांगायला वळलो. पण तिचं माझ्याकडे लक्ष नव्हतं. ती कमरेवर हात ठेवून, सेमिसीने खुर्च्यांची रांग वाकडी लावली म्हणून त्याला बोलत होती.